पऱ्हाटीला भेंडीची पाने

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. ऊर्जानगरच्या आमच्या शाळेत वसाहतीतल्या मुलांबरोबर आसपासच्या खेड्यांतली मुलेही येतात. त्यांतला, भद्रावतीच्या बाजूने येणारा नववीतला एक मुलगा तास सुरू होण्याआधीच टेबलापाशी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फांदी त्याने दप्तरातून बाहेर काढली आणि म्हणाला, ‘‘सर, पऱ्हाटीले भेंडीची पानं आली.’’

वर्ग हसला. पण फांदी हातोहात फिरली तसे हसू थांबले. खालची पाने कपाशीचीच होती, रुंद आणि तळहाताएवढी. शेंड्याकडची कोवळी पाने मात्र अरुंद, लांबट, खोल चिरलेली होती. त्यांच्या शिरा दाटीने एकमेकींशी समांतर धावत होत्या. कुणाला ती भेंडीची वाटली, कुणाला कोंबडीच्या पायासारखी. घरी मुलाच्या वडिलांनी ‘बियाणं बोगस निघालं’ असे ठरवले होते आणि दुकानदाराकडे जाऊन भांडण्याची तयारी चालली होती.

मी वर्गाला विचारले, ‘‘बियाण्यात खोट असती तर खालची पाने चांगली का आली असती?’’ मुले विचारात पडली. म्हणजे जे काही घडले ते खालची पाने येऊन गेल्यावर आणि वरची पाने येण्याआधी घडले होते. मग मी त्या मुलाला आणखी तीन गोष्टी विचारल्या. जवळपास गहू आहे का? गव्हावर काही फवारले का? त्यानंतर कपाशीवर फवारणी झाली का, आणि कोणत्या पंपाने?

उत्तरे सरळ होती. गहू त्यांचाच, धुऱ्यापलीकडे. त्यात चंदनबटवा माजला म्हणून वडिलांनी ‘गवताचे औषध’ मारले होते. तीन-चार दिवसांनी कपाशीवर बोंडअळीचे औषध मारले. पंप घरात एकच.

त्या फांदीचे कोडे सोडवता सोडवता आमचे पुढचे तीन तास गेले. एकदल आणि द्विदल हा धडा मुलांचा केव्हाच झाला होता. पण त्या दोन शब्दांवर एका घरचे पीक तरते किंवा बुडते, हे त्यांना प्रथमच दिसत होते. तेच येथे थोडक्यात मांडतो.

गव्हातले तण आणि निंदण

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, मूल-सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे, मुख्य पीक धानाचे. पश्चिमेला वरोरा-भद्रावती-राजुऱ्याकडे कपाशी, सोयाबीन आणि तूर. पाण्याची सोय असेल तेथे रब्बीत गहू. नोव्हेंबरात पेरलेला गहू पहिले महिना-दीड महिना अगदी लहान असतो. ओलिताचे पाणी, खत आणि मोकळे ऊन या तिन्ही गोष्टी त्या काळात शेजारच्या तणालाही सारख्याच मिळतात. चंदनबटवा, हराळी, लव्हाळा, गाजरगवत, चांदवेल ही आपल्या गव्हातली नेहमीची मंडळी. पहिल्या ३० ते ४५ दिवसांत तण काढले नाही, तर पुढे काढूनही नुकसान पुरते भरून येत नाही. त्या दिवसांतच गहू फुटवे धरतो आणि किती ओंब्या येणार हे बरेचसे ठरून जाते.

जुना बन्सी गहू उंच वाढत असे आणि बराचसा जमिनीतल्या ओलीवर येत असे. १९६० नंतरच्या दशकात बुटके वाण आले. खत आणि पाणी देऊनही ते लोळत नाहीत, म्हणून उत्पन्न वाढले. पण बुटक्या गव्हाची सावली कमी आणि खतपाणी भरपूर, त्यामुळे तणांचेही फावले.

तण काढण्याची आपली जुनी रीत म्हणजे निंदण. खुरपे घेऊन बायका ओळीने बसतात, गहू ठेवतात आणि बाकीचे उपटतात. येथे निवड करणारे डोळे आणि हात माणसाचे असतात. त्या चंदनबटव्याला ओळखतात, इतके की संध्याकाळच्या भाजीपुरता ओट्यात बांधूनही नेतात. पण धानाची मळणी, कापसाची वेचणी आणि गव्हाचे निंदण एकाच वेळी आले की मजूर मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. तणनाशकाची बाटली घरात येते ती या अडचणीतून. तिच्यामुळे निंदणाला जाणाऱ्या बायकांचे मजुरीचे दिवस कमी होतात, हेही हिशेबात धरले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. खुरपे हाती धरणाऱ्या बाईला गहू ओळखता येतो. फवाऱ्याचा थेंब गव्हावरही पडतो आणि चंदनबटव्यावरही. मग एक मरतो आणि दुसरा जगतो, हे कसे?

खोटा हुकूम

गव्हात रुंद पानांच्या तणांसाठी सर्वांत जुने आणि अजूनही वापरात असलेले तणनाशक म्हणजे २,४-डी. त्याची कथा मात्र विषापासून सुरू होत नाही. ती एका गवताच्या कोंबापासून सुरू होते.

१८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना ज्याचे दाणे घालतात त्या कॅनरी गवताचे कोंब त्यांनी अंधारात वाढवले आणि एका बाजूने उजेड दाखवला. कोंब उजेडाकडे वाकले. शेंड्यावर छोटी टोपी घातली तर ते वाकले नाहीत. उजेड ‘दिसतो’ शेंड्याला आणि वाकते खालचा भाग. म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. १९२६ ते १९२८ या काळात हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून हा निरोप म्हणजे एक रासायनिक पदार्थ आहे हे दाखवून दिले. तोच ऑक्झिन हा संप्रेरक. कोणत्या पेशींनी वाढावे, किती वाढावे, मूळ कोठे फुटावे, हे वनस्पतीत ऑक्झिनच्या कमी-जास्त प्रमाणावर ठरते.

हे प्रमाण वनस्पती फार काटेकोरपणे सांभाळते. काम झाले की ऑक्झिन मोडून टाकला जातो. ऑक्झिनसारखे काम करणारे कृत्रिम पदार्थ शोधताना १९४० नंतरच्या युद्धकाळात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांना २,४-डी आणि त्याची भावंडे सापडली. अत्यल्प मात्रेत २,४-डी वाढ घडवतो. जास्त मात्रेत द्विदल रोपाचा घात करतो, कारण रोपाला तो सहजासहजी मोडता येत नाही. ‘वाढ, वाढ’ असा हुकूम येत राहतो आणि थांबवणारे कोणी नसते. देठ पिळवटतात, खोड फुगते आणि वाकडे होते, पाने चुरगळतात. खोडातल्या पेशी भलत्या जागी वाढून अन्न वाहून नेणाऱ्या नलिका चिरडतात. एक ते तीन आठवड्यांत रोप मरते. दाराच्या फटीत किल्ली अडकून राहावी तसा हा रेणू पेशीतल्या ऑक्झिनच्या जागी जाऊन बसतो. ती नेमकी जागा मात्र २००५ साली ओळखता आली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे जगभरचे शेतकरी हे औषध वापरत होते आणि ते पेशीत कोठे लागू पडते ते कोणालाच नक्की ठाऊक नव्हते.

गहू का वाचतो?

‘गव्हाचे पान अरुंद, म्हणून औषध घसरून पडते, तणाचे पान रुंद, म्हणून ते मरते’ असे उत्तर पुष्कळ ठिकाणी दिले जाते. ते अपुरे आहे. शाळेच्या कुंपणालगतच्या चंदनबटव्याच्या कोवळ्या पानावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. पान रुंद असले तरी त्यावर पांढरट भुकटीसारखे आवरण असते आणि थेंब मोत्यासारखा निसटतो. तरीही २,४-डीने चंदनबटवा मरतो. तेव्हा पानाचा आकार हे एक कारण झाले. गव्हाजवळ संरक्षणाच्या आणखी तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वर्गात दाखवता येते. एका कुंडीत गहू आणि दुसऱ्या कुंडीत मोहरी पेरा. दहा-बारा दिवसांनी दोन्ही रोपे मातीपासून दोन बोटांवर कात्रीने कापा. मोहरीचा काप तिच्या पहिल्या दोन दलपानांच्या खाली आला पाहिजे. दोन-तीन दिवसांत गव्हाची कापलेली पाने पुन्हा वर सरकलेली दिसतील. मोहरी संपलेली असेल. गव्हाचा वाढीचा बिंदू कोवळेपणी मातीलगत, पानांच्या आवरणांच्या आत दडलेला असतो. मोहरीचा उघड्यावर, शेंड्यात असतो. फवारा वरून येतो तेव्हा हा फरक फार मोलाचा ठरतो. (या प्रयोगाला कोणतेही रसायन लागत नाही, आणि शाळेत तणनाशक आणूही नये.)

दुसरी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. द्विदल खोडाच्या आडव्या कापात वाहक नलिकांचे जुडगे कड्यासारखे मांडलेले असतात आणि त्यांत खोड जाड करणारा, सतत विभागणाऱ्या पेशींचा थर असतो. ‘वाढ’ हा खोटा हुकूम ऐकून बेभान होतो तो मुख्यतः हाच थर. एकदल खोडात जुडगे विखुरलेले असतात आणि असा थर नसतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि तीच फार महत्त्वाची. गहू २,४-डीला पचवतो. त्याच्या पेशीतली विकरे या रेणूत थोडा बदल करतात, त्याला साखरेसारख्या रेणूशी जोडतात आणि निकामी करून बाजूला ठेवतात. पेशीला मिळालेला खोटा हुकूम वाचण्याआधीच फाडला जातो.

पण या तिन्ही गोष्टींना वेळेची मर्यादा आहे. गव्हाने फुटवे धरल्यानंतर आणि कांडी धरण्यापूर्वी, म्हणजे पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी, ही फवारणी करतात. फार लवकर केली तर आत घडत असलेली ओंबी वेडीवाकडी होते. कांडी धरल्यावर केली तर दाणे भरण्यात खोट येते. म्हणजे खुद्द गहूही काही ठराविक दिवसांपुरताच सुरक्षित असतो.

चिमूटभर औषध

२,४-डीची गव्हातली मात्रा हेक्टरी सुमारे ५०० ग्रॅम क्रियाशील घटक इतकी असते. गव्हातले दुसरे एक तणनाशक, मेटसल्फ्युरॉन मिथाइल, हेक्टरी अवघे ४ ग्रॅम क्रियाशील घटक लागते. वर्गात हिशेब करा. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पहिल्याचे दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम पडतात, दुसऱ्याचे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वाशेवा हिस्सा.

इतक्या थोड्या औषधाने काम होते, कारण ते एका विकरालाच नेमके अडवते. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्ले वनस्पती स्वतः बनवतात. ती बनवण्याच्या वाटेवरचे एक विकर हे औषध बंद पाडते. प्रथिने तयार होत नाहीत, वाढ थांबते आणि रोप पिवळे पडून हळूहळू मरते. गहू याही रेणूला झपाट्याने पचवतो. माणसाच्या आणि जनावरांच्या शरीरात हे विकर मुळात नाही. ही अमिनो आम्ले आपण डाळ-भाकरीतून मिळवतो.

पण मात्रा लहान म्हणजे चिंता लहान, असे नाही. या कुळातली औषधे आम्लधर्मी जमिनीत लवकर मोडतात आणि विम्लधर्मी जमिनीत रेंगाळतात. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी विम्लधर्मी आहेत. याच कुळातले सल्फोसल्फ्युरॉन गव्हाला चालते, पण त्या वावरात पाठोपाठ ज्वारी किंवा मका पेरू नये असे सांगतात. ज्वारी आणि मकाही एकदलच आहेत! तेव्हा ‘एकदल वाचते, द्विदल मरते’ हा नियमही सर्व औषधांना लागू नाही. प्रत्येक औषधाचे आणि प्रत्येक पिकाचे नाते वेगळे आहे आणि ते त्या पिकाच्या पचनशक्तीवर ठरते.

डिसेंबरातला शिवार

आता पुन्हा त्या फांदीकडे येऊ. २,४-डी फवारायची वेळ आपल्याकडे डिसेंबरात येते. त्या महिन्यात गव्हाच्या धुऱ्यापलीकडे काय काय उभे असते, याची यादी मी मुलांना करायला सांगितली. फळा भरला: कपाशी, तूर, हरभरा, लाखोळी, जवस, मोहरी, मिरची, वांगी, टमाटे, वाल. सगळी द्विदल! गहू या सर्वांमध्ये एकटा एकदल. गव्हात मोहरी किंवा जवसाच्या ओळी टाकण्याची रीत ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या त्या ओळीही औषधाच्या लेखी तणच.

या सर्वांत कपाशी फारच नाजूक. गव्हाला दिलेल्या मात्रेच्या शंभराव्या हिश्श्यानेही तिची नवी पाने बिघडतात. वाऱ्याबरोबर उडालेले बारीक थेंब धुरा ओलांडून जातात. ऊर्जानगरच्या मुलांना वारा कोठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर कोणीकडे झुकला ते ती रोज पाहतात. पण वारा अगदी पडलेला असला म्हणजे फवारणी सुरक्षित, हेही खरे नाही. हिवाळ्यातल्या पहाटे गावातल्या चुलींचा धूर वर न चढता चादरीसारखा पसरून राहतो. तेव्हा खालची हवा थंड आणि वरची गरम असते. अशा वेळी बारीक थेंबही तसेच तरंगत राहतात आणि नंतर सावकाश भलतीकडे जातात. म्हणून ऊन वर आल्यावर, मंद वारा आपल्याच वावराकडे येत असताना, जाड थेंबाच्या नोझलने आणि नोझल खाली धरून फवारायचे असते. २,४-डीचा एस्टर हा प्रकार बाष्प होऊनही उडतो. सोडियम क्षार किंवा अमाइन क्षार त्या मानाने कमी.

आमच्या विद्यार्थ्याच्या कपाशीत वाकडी पाने धुऱ्यालगतच्या तासांतच नव्हती. सगळ्या वावरात होती. म्हणजे ते वाऱ्याने आले नव्हते, पंपातून आले होते. त्याचा हिशेब आम्ही असा केला.

हेक्टरी ५०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. पाठीवरचा पंप १५ लिटरचा. फवारणी संपल्यावर टाकीच्या तळाशी आणि नळीत १५० मिलिलिटर द्रावण उरले असे धरू. चहाच्या दोन कपांएवढेसुद्धा नाही. त्यावर पुन्हा १५ लिटर पाणी भरून बोंडअळीचे औषध मिसळले, तर त्या पाण्यात २,४-डी किती? मूळ द्रावणाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे. कपाशीचे पान बिघडवायला नेमके तेवढेच पुरते.

मुलाने विचारले, ‘‘मग धुतला असता तर?’’ धुण्याचेही गणित आहे. साडेचार लिटर पाणी एकदाच घालून हलवून ओतले आणि पुन्हा १५० मिलिलिटर उरले, तर औषध ३१ पट पातळ झाले. तेच साडेचार लिटर तीन वेळा दीड-दीड लिटर करून वापरले, तर दर वेळी ११ पट. तीन वेळा म्हणजे ११ × ११ × ११, म्हणजे १३३१ पट! पाणी तेवढेच, पण फळ कितीतरी जास्त. बाटलीत निळी शाई घेऊन हा प्रयोग वर्गात करता येतो; रंग फिका होताना मुलांना डोळ्यांनी दिसतो. खऱ्या पंपात मात्र औषध रबरी वॉशरात आणि नळीतही मुरते, ते एवढ्याने निघत नाही. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी आणि तो दुसऱ्या कोणत्याही फवारणीला घेऊ नये. धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

फवारणाऱ्या माणसाची काळजी हाही याच हिशेबाचा भाग. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तणनाशके वेगळ्या प्रकारची असली तरी हातमोजे, तोंडावर मास्क आणि फवारणीनंतर साबणाने अंघोळ यांत सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली २,४-डीचा समावेश ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या गटात केला. त्यासंबंधीचा पुरावा माणसांच्या बाबतीत अपुरा आहे, पण निष्काळजी राहण्याइतका निर्धास्तपणाही नाही. आणि फवारलेल्या गव्हातला चंदनबटवा भाजीला कधीही आणू नये, हे मुलांनी घरी जाऊन आवर्जून सांगावे.

तणाने गव्हाची विद्या शिकली

शेवटच्या तासाला मी मुलांना हरियाणातली गोष्ट सांगितली. तेथे आणि पंजाबात गव्हाचे मोठे तण म्हणजे मंडूसी किंवा गुल्ली-डंडा. हे डार्विनच्या कॅनरी गवताचेच सख्खे भावंड, एकाच प्रजातीसमूहातले. ते स्वतः गवत आहे, म्हणून २,४-डी त्याला लागत नाही. लहानपणी ते गव्हासारखेच दिसते, त्यामुळे निंदणाऱ्याचेही डोळे फसतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयसोप्रोट्युरॉन हे औषध आले. पानातल्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणून ते मंडूसीला मारत असे, आणि गहू त्याला पचवत असे. धान-गहू, धान-गहू असे पीक आणि दर वर्षी तेच औषध, असे दहा-पंधरा वर्षे चालले.

१९९० नंतर थोड्याच वर्षांत औषध लागू पडेनासे झाले. काही शेतकऱ्यांवर उभा गहू तणासकट कापून जनावरांना घालण्याची पाळी आली. हिस्सारच्या हरियाणा कृषी विद्यापीठातले आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी मंडूसीत या औषधाला प्रतिकार निर्माण झाल्याचे दाखवून दिले. पुढे असे आढळले की प्रतिकार करणारी मंडूसी औषधाला जवळजवळ गव्हासारखीच पचवते. लाखो रोपांमधली ज्या मोजक्या रोपांची पचनशक्ती जन्मतःच थोडी जास्त होती, ती दर वर्षी वाचत गेली आणि बी टाकत गेली. औषधाने त्यांना काही शिकवले नाही. त्यांच्याशी स्पर्धा करणारी रोपे तेवढी दूर केली.

असे पूर्वीही घडले आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी दाखवले की राय हे धान्य मुळात गव्हातले तण होते. माणसाने वर्षानुवर्षे गव्हाहून वेगळी दिसणारी रोपे आणि दाणे बाजूला काढले, आणि गव्हासारखे दिसणारे तेवढे उरले. तेथे हाताने रूप निवडले, येथे फवाऱ्याने पचनशक्ती निवडली.

१९९७-९८ पासून हरियाणात दुसरी औषधे आली. पुढे त्यांतल्याही काहींना मंडूसी दाद देईनाशी झाली. तेव्हा औषध बदलण्याबरोबर इतर उपायांवर भर द्यावा लागला. नांगरट न करता धानाच्या खोडक्यांतच गहू पेरायचा, म्हणजे मातीतले तणाचे बी वर येत नाही. मधूनच बरसीम किंवा ऊस घ्यायचा. तणाचे बी नसलेले बियाणे वापरायचे. जबलपूरला १९८९ साली तणांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली. तणांवर एकाच उपायाने भागत नाही, याचा अभ्यास तेथे चालतो.

आपल्याकडे शेते लहान आणि पिके अनेक. ती पिकांची अदलाबदल हेच आपले मोठे संरक्षण आहे. पेरणीपूर्वी ओलित देऊन उगवलेले तण वखराने मोडणे, गहू ओळीत पेरणे, पहिले निंदण वेळेवर करणे आणि जेथे खरोखर गरज आहे तेथेच, वेळ पाहून, औषध वापरणे. औषध दर वर्षी तेच नको. ज्या तणाने बी धरले नाही त्याच्यासाठी पुढच्या वर्षी औषध लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. चंदनबटव्याचे एक झाड हजारो बिया टाकते आणि त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

शिक्षकांसाठी

हा विषय वर्गात घेताना सुरुवात व्याख्येने करू नये. मुलांना डिसेंबरात एका वावराच्या चारही धुऱ्यांवर फिरवावे आणि काय काय उभे आहे त्याचा नकाशा काढायला सांगावे. मग त्यात एकदल आणि द्विदल वेगळ्या रंगांनी रंगवावेत. केना आढळला तर तो मुद्दाम दाखवावा. दुकानातला माणूस ‘रुंद पानाचे तण’ म्हणतो, पण केना एकदल आहे. पानावरून केलेली वर्गवारी आणि बियांवरून केलेली वर्गवारी नेहमीच जुळत नाहीत, हे मुलांना त्यावरून कळते. वाऱ्याची दिशा बाणाने दाखवावी आणि विचारावे: गव्हावर औषध मारायचे झाले तर कोणत्या शेजाऱ्याला आधी सांगितले पाहिजे?

त्या मुलाच्या घरी पुढे काय झाले? वडील बियाण्याच्या दुकानात भांडायला गेले नाहीत. वहीतला १५० मिलिलिटरचा हिशेब त्यांनी दोनदा पाहिला, असे मुलाने सांगितले. वरची फूट वाया गेली आणि एक वेचणी हातची गेली. पुढच्या हंगामाआधी घरात दुसरा पंप आला. जुन्या पंपावर मुलाने लाल रंगाने मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला आहे: ‘गहू’.